स्वयंभू गांधार आणि चार गळे

व्यासपीठावर आज एकच वाद्य आहे: मिरजेत घडवलेला तानपुरा. पेटी नाही, तबला नाही. तानपुरा लावून ठेवलेला आहे आणि व्याख्यान संपेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. विषय मात्र आहे वाद्याशिवायच्या गाण्याचा. अनेक माणसं एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात, त्या स्वरांचा एक मेळ तयार होतो आणि त्याला आधार म्हणून एकही तार, पट्टी किंवा चामडं वाजत नाही, अशा गाण्याचा. इटालियन भाषेत त्याला ‘आ कापेला’ म्हणतात, म्हणजे ‘प्रार्थनागृहात गातात तसं’. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गनशिवाय गाण्याची प्रथा होती, त्यावरून हे नाव रूढ झालं. मग अशा विषयाला तानपुरा कशासाठी? कारण मराठी कानाला या गाण्याकडे नेणारा सर्वांत जवळचा रस्ता त्या चार तारांवरून जातो.

दिल्लीत हे गाणं ऐकायचं तर डिसेंबर गाठावा लागतो. गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रल आणि राष्ट्रपती भवनाशेजारी चर्च रोडवरचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन, ही दोन्ही हेन्री मेड या एकाच वास्तुविशारदाची कामं. उंच छत, दगडी भिंती, आणि आवाज सुटला की लगेच न विरता क्षणभर वर तरंगत राहणारी हवा. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत इथे कॅरल गायली जातात. बरीचशी ऑर्गनच्या साथीनं असतात. पण मध्येच एखादं गाणं असं येतं की ऑर्गन थांबतो, कॉयरमास्टर ट्यूनिंग फोर्क कानाशी नेतो, हलकेच एक स्वर गुणगुणतो आणि तीस-चाळीस माणसं एकदम गाऊ लागतात. बायकांचे उंच आणि खालचे, पुरुषांचे उंच आणि खर्जातले, असे चार थर एकावर एक बसतात. कुतूहलापोटी पहिल्यांदाच गेलेला मराठी श्रोता बाहेर येऊन थंडीत मफलर गुंडाळत बहुधा एवढंच सांगतो: शब्द कळले नाहीत, देव आपला नाही, पण अंगावर काटा आला.

तो काटा का येतो, याचा हा शोध आहे.

आधी स्वराकडे जाऊ. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की कानावर फक्त खर्जाचा सा येत नाही. त्या एका तारेतून त्याच क्षणी वरचा सा, त्याच्या वरचा पंचम, आणखी वरचा सा आणि मग गांधार निघत असतो. तार पूर्ण लांबीनं हलते, तशीच अर्ध्यानं, तिहाईनं, चौथाईनं, पाचव्या हिश्शानंही हलते. पाचव्या हिश्शाची ती थरथर म्हणजे गांधार. घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी नेमकी लागली की हा गांधार लख्ख वर येतो. तानपुऱ्यात गांधाराची तार नसते. कुणी तो लावलेला नसतो. म्हणून आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. किराणा घराण्याच्या गवयांच्या तानपुऱ्यांबद्दल जाणकार अजून हळव्या सुरात बोलतात, ते याच गांधारासाठी.

आता चार गळे घ्या. एक जण सा धरतो, दुसरा पंचम, तिसरी वरचा सा, चौथी गांधार. पेटीचा किंवा पियानोचा गांधार घेतला तर तो निसर्गाच्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग चढा. बाराही पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून पट्टीवाद्यांनी केलेली ही तडजोड आहे. गळ्याला ती करावी लागत नाही. शेजारी वाद्य नसेल तर गाणारी नकळत आपला गांधार थोडा उतरवते, इतरांच्या सा आणि पंचमाशी ताडून बघते, आणि एका जागी आल्यावर आवाजातली लाट एकदम थांबते. दोन स्वर जवळजवळ जुळलेले पण पूर्ण न जुळलेले असले की जी डळमळ ऐकू येते, ती नाहीशी होते. त्या क्षणी चार आवाजांची बेरीज चारापेक्षा मोठी वाटते, कारण चौघांच्या गळ्यांतून निघणारे वरचे स्वर एकमेकांवर अचूक पडतात आणि उजळतात. कॉयरमधली माणसं म्हणतात, ‘कॉर्ड रिंग झाली’. तानपुरा लावणारा म्हणतो, ‘बोलायला लागला’. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत.

इटलीच्या सार्डिनिया बेटावर कास्तेलसार्दो नावाचं गाव आहे. तिथे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चार पुरुष जवळजवळ उभे राहून गातात. ते अगदी सुरात असले, तर त्यांच्या वर पाचवा, बाईचा वाटावा असा आवाज ऐकू येतो. तिथे कुणी पाचवं उभं नसतं. गावकरी त्या आवाजाला ‘क्विंतिना’ म्हणतात आणि तो मदर मेरीचा मानतात. बर्नार लोर्ता-जाकोब या फ्रेंच संगीत-अभ्यासकानं त्याचा बारकाईनं अभ्यास केला. चार गळ्यांतले वरचे स्वर एकमेकांत मिसळून तो आवाज घडतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला दोनच शब्द पुरतात: स्वयंभू गांधार. फरक इतकाच की इथे तारांच्या जागी माणसं आहेत.

सगळी जादू या फरकात आहे. तार एकदा पिळली की राहते. माणसाला दर क्षणी स्वतःला पुन्हा लावावं लागतं. शेजारचा किंचित उतरला तर आपण काय करायचं? आपला स्वर खरा म्हणून हट्टानं धरायचा, की त्याच्याबरोबर थोडं खाली यायचं? वाद्याविना गाणारे अनेक कॉयर गाणं संपेपर्यंत अर्धा स्वर खाली घसरलेले असतात, आणि चांगल्या कॉयरमध्ये सगळे एकदम घसरतात, म्हणून श्रोत्याला पत्ताही लागत नाही. एकट्यानं अचूक राहण्यापेक्षा सगळ्यांबरोबर सुरात राहणं तिथे मोठं ठरतं. भरतानं नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरच्या दोन स्वरांच्या नात्याला ‘संवाद’ म्हटलं आहे. आज आपण हा शब्द बोलण्याचालण्यासाठी वापरतो, पण या शास्त्रात तो आहे एकमेकांशी जुळणाऱ्या स्वरांसाठी.

पेटीच्या चढ्या गांधाराचा वाद दिल्लीला नवा नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या बंदीच्या आधी पेटीविरुद्ध कडाडून लिहिणाऱ्यांत एक नाव जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराचं. हा माणूस दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख होता. भारतीय वाद्यांचा वृंद बांधायच्या खटपटीत असताना, १९३९ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्यानं तो गेला. दिल्लीत त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९२३ ते १९२६ या चार वर्षांत, पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या स्मरणदिनाच्या रात्री, युद्धात मेलेल्यांसाठी हजाराहून अधिक गायक-वादकांनी जी ‘वर्ल्ड रिक्विएम’ गायली ती फोल्ड्सची होती. इतक्या गळ्यांचा डोंगर उभा करणारा संगीतकार दिल्लीत येऊन श्रुतींच्या मागे लागला, हे विलक्षण आहे. पेटीच्या कैवाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पेटीनं घराघरांत गाणं नेलं. पण कान कुठे बसतो, हा प्रश्न त्या वादानं ऐरणीवर आणला.

आता दिल्लीतल्या मराठी माणसाकडे. या शहराला एकत्र गायला शिकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शिकायला कुणाच्या तरी घराण्यात जन्मावं लागू नये, फी भरून, स्वरलिपीची पुस्तकं घेऊन, वर्गात बसून शिकता यावं, हा त्यांचा ध्यास. वर्ग आला की एकत्र गाणं आलंच. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, गांधीजींच्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला, आश्रम भजनावली सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. त्याच पलुस्कर परंपरेतले विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आज दीनदयाळ उपाध्याय मार्गावर असलेल्या या संस्थेचं वृंदगान त्यांचे पुत्र मधुप मुद्गल यांनी पुढे नेलं.

मौद्गल्यांचं एक गीत देशातल्या दोन पिढ्यांना पाठ आहे, पण ते त्यांचं आहे हे बहुतेकांना ठाऊक नाही. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा सात-आठ मिनिटांचा चित्रपट. त्यातलं ‘हिंद देश के निवासी’ त्यांच्या लेखणीतून उतरलेलं. चित्रपटाच्या कर्त्या विजया मुळे, म्हणजे अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई, दिल्लीत सगळ्यांच्या ‘अक्का’; २०१९ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या इथेच गेल्या. संगीत कोकणच्या वसंत देसाईंचं. शाळकरी मुलांकडून समूहगान बसवून घेण्याचं त्यांना वेड होतं, आणि ‘गुड्डी’तली त्यांची शाळेची प्रार्थना आजही शेकडो शाळांत सकाळी होते. पाखरं जाळ्यासकट उडून जातात ही पंचतंत्रातली गोष्ट एका ताईच्या तोंडून आली. आणि दिल्लीतल्या मराठी बाईनं, मुंबईतल्या मराठी संगीतकारानं आणि पलुस्करांच्या दिल्लीतल्या वारसदारानं ती देशाच्या गळ्यात उतरवली.

मास्तर कृष्णरावांची हकिगत याहून अटीतटीची. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं, हा प्रश्न आला. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर नीट बसत नाही, समूहाला गायला अवघड जातं, हा आक्षेप होता. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत केलेल्या निवेदनात वाद्यवृंदाचा मुद्दा आहे. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’चा संगीतकार, इरेला पेटला. मिश्र झिंझोटीत त्यांनी अशी चाल बांधली की सामान्य माणसांच्या जमावाला ती एकत्र गाता यावी. बँडवर वाजेल अशी तिची मांडणी करून घेतली. आणि पदरचे पैसे व वेळ खर्चून दिल्लीला येऊन संविधान सभेच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिकं दिली. २४ जानेवारी १९५० ला निर्णय झाला: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, ‘वंदे मातरम्’ला समान मान. कृष्णरावांची लढाई पूर्ण फळली नाही. पण एका अभिजात गवयानं, ज्याचं सगळं आयुष्य एकट्याच्या आवाजात गेलं, जमावाचा गळा कुठवर चढतो आणि कुठे अडखळतो याचा इतका विचार करावा, ही गोष्ट लहान नाही.

हे सगळं गाणं मात्र एकाच स्वरातलं आहे. हजार माणसं, पण सूर एक. त्याची ताकद वेगळी आणि मोठीच आहे. मराठीत ‘एकसुरी’ हा शब्द कंटाळवाण्यासाठी का रूढ झाला कोण जाणे. गणपतीत अथर्वशीर्षाची सहस्रावर्तनं ऐकणाऱ्याला एकसुरीचं तेज काय असतं ते माहीत आहे. तिथेही वाद्य नसतं. उदात्त, अनुदात्त, स्वरित एवढ्या चढउतारांवर शेकडो माणसांचा आवाज एका भिंतीसारखा उभा राहतो. वाद्याविना समूह आपल्याला परका नाही. परकी आहे ती पुढची पायरी: माझा स्वर वेगळा, तुझा वेगळा, आणि तरीही गाणं एक.

खरं तर ती पायरीही आपण रोज चढतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही. दिल्लीतल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या आरतीला कान द्यावा. बायकांनी त्यांच्या पट्टीत आरती उचलली की पुरुषांची पंचाईत होते. काही जण ताणून ओरडतात, काही एक सप्तक खाली येतात, आणि मागच्या रांगेतले एखादे काका सप्तक खालीही जमेना म्हणून मधलाच कुठला तरी स्वर धरून, चार-पाच स्वरांचं अंतर राखत, इमानानं आरती पूर्ण करतात. शेजारचे हसतात. पण नवव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात ख्रिस्ती प्रार्थनेला असाच चौथ्या किंवा पाचव्या स्वराच्या अंतरानं समांतर आवाज जोडण्याची रीत शिकवलेली आहे. युरोपच्या बहुस्वरी गाण्याच्या सर्वांत जुन्या लिखित खुणांपैकी तो एक. प्रत्येकाचा गळा जिथे सुखानं राहतो तिथेच त्याला राहू द्यायचं आणि त्या वेगळेपणातून मेळ साधायचा, ही कल्पना अशाच एखाद्या काकांपासून निघाली असेल तर नवल नाही.

महाराष्ट्रात आणि शेजारी हे प्रयोग झाले आहेत. गोव्याच्या मांडोत दोन आवाज तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतरानं हातात हात घालून चालतात. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये आपला कॉयर उभा केला. त्यांची ‘द्रविडियन डिथिरँब’ ही वाद्यांविना गायची रचना अमेरिकेत छापली गेली आणि दूरदूरचे कॉयर ती गातात. तिच्यात शब्द नाहीत. मृदंगाचे बोल आणि आलापाच्या अक्षरांसारखी नुसती अक्षरं, चार थरांत एकमेकांना झेलत, पकडत, सोडत पळतात. परांज्योती १९६७ मध्ये गेल्यावर कूमी वाडिया यांनी त्या कॉयरची छडी हाती घेतली आणि कित्येक दशकं खाली ठेवली नाही.

परांज्योतींची ही रचना इतकी महत्त्वाची का? कारण इथे खरा पेच आहे आणि तो टाळता येत नाही. राग स्थिर षड्जावर उभा असतो. मींड, आंदोलन, कणस्वर ही त्याची प्राणशक्ती. पाश्चात्त्य हार्मनीचा पाया मात्र सतत हलतो. दरबारीच्या आंदोलित गांधाराखाली कॉर्ड ठेवली तर गांधाराचं आंदोलन मरतं. खालचा आधार त्याला एका जागी खिळवून टाकतो. चित्रपटांतला मागचा ‘आ-आ’ कोरस बहुतेक वेळा हेच करतो, म्हणून तो सजावट होतो, गाणं होत नाही. परांज्योतींनी रागाला कॉर्डवर बसवण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी लय आणि बोल वाटून दिले, आणि स्वर त्या विणीतून आपोआप एकमेकांना भेटले.

या पेचाशी झुंजणारा दुसरा माणूस काही वर्षं दिल्लीत होता. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आले आणि १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवत होते. गीतेतल्या ‘वासांसि जीर्णानि’ या श्लोकाची त्यांनी कॉयरसाठी रचना केली. पण मराठी घराघरांत ते पोहोचले ते १९८८ मध्ये, दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ सुरू झाल्यावर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त, त्याचा वसंत देवांनी केलेला हिंदी अवतार, आणि भाटियांचा कॉयर. सृष्टीच्या आधी काय होतं हे कुणालाच माहीत नाही, कदाचित त्या वरच्यालाही नाही, असं म्हणणाऱ्या सूक्ताला एकट्या माणसाचा आवाज पुरला नसता. रविवारी सकाळी पोहे खाता खाता ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांनी बहुस्वराचा स्पर्श तिथेच घेतला होता. कॉयर ऐकतो आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

दिल्ली एनसीआरमध्ये आज बहुस्वर गाणारे पुष्कळ आहेत. कॅपिटल सिटी मिन्स्ट्रेल्स हा हौशी गायकांचा कॉयर १९९४ पासून अनेक भाषांत गात आला आहे. पण सगळ्यात दाट बहुस्वर गातात ते मुनिरका, हुमायूंपूर, विजयनगर अशा वस्त्यांत दाटीवाटीनं भाड्यानं राहणारे ईशान्येचे तरुण. आठवडाभर कॉल सेंटरला, दवाखान्यात, कोचिंगला राबून रविवारी ते आपापल्या भाषेच्या प्रार्थनासभेला जमतात, आणि सराव न करता चार आवाजांत गातात, कारण ते लहानपणापासून गातच आलेले असतात. १८४१ मध्ये वेल्श मिशनरी थॉमस जोन्स चेरापुंजीला पोहोचला. पुढे त्याच मिशनबरोबर खासी आणि मिझो डोंगरांत ‘टॉनिक सोल्फा’ आली. ही स्वरलिपी सारा ग्लोव्हर या इंग्रज बाईच्या कल्पनेवरून जॉन कर्वेननं वाढवली. रेघोट्यांचा स्टाफ नाही, फक्त अक्षरं: डी, आर, एम. तिच्यातला ‘डो’ कुठल्या एका पट्टीला बांधलेला नाही. गळ्याच्या सोयीनं धरावा तिथे ‘डो’. म्हणजे हुबेहूब आपला सा.

यात काहीतरी विलक्षण आहे. पलुस्करांनी गरिबाघरच्या मुलालाही गाणं वाचता यावं म्हणून सारेगमची लिपी घडवली. कर्वेननं कारखान्यातल्या कामगारांसाठी आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी सोल्फा घडवली. दोन्ही लिप्या चल षड्जाच्या. एक दीनदयाळ मार्गावर शिकवली जाते, दुसरी मुनिरक्यातल्या प्रार्थनापुस्तकात छापलेली असते, आणि मध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे. ते ओलांडून कुणी कुणाच्या दारी जात नाही, ही या शहराची खरी उणीव आहे. ज्या तरुणांना इथे रस्त्यावर परकं म्हणून टोकलं जातं, ते या देशाला अजून न आलेलं गाणं रोज गात आहेत. ख्रिस्ती मिशनच्याही आधीचं, नागालँडच्या फेक भागातल्या भातशेतात काम करताना गायलं जाणारं ‘ली’ हे बहुस्वरी गाणं अनुष्का मीनाक्षी आणि ईश्वर श्रीकुमार यांच्या २०१७ च्या ‘अप डाउन अँड साइडवेज’ या माहितीपटात आहे. ते पाहिल्यावर ‘हार्मनी पाश्चात्त्य आहे’ हे वाक्य पुन्हा उच्चारणं कठीण जातं.

२०१० च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात बराक ओबामांपुढे गायला शिलाँग चेंबर कॉयरला बोलावलं होतं. नील नाँगकिनरिह यांनी २००१ मध्ये उभा केलेला हा कॉयर २०१० मध्येच दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत देशभर पोहोचला होता. मेजवानीच्या रात्री त्यांना मान मिळाला. इतर रात्री मात्र त्यांच्याच प्रांतातल्या मुलांना घरमालक ‘आवाज करू नका’ म्हणतात.

काट्याकडे परत येऊ. त्याचं दुसरं कारण श्वासात आहे. तंतुवाद्य श्वास घेत नाही. माणसाला घ्यावाच लागतो. लांब स्वर धरायचा असला की कॉयर एक युक्ती करतो: सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारी गात असताना मी हळूच श्वास घेतो, मी परत आलो की तो घेतो. स्वर मिनिटभर तुटत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही छाती माणसाची नाही.  भजनात साथ करणारेही असाच सुराचा धागा सुटू देत नाहीत. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या ब्योर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. सारख्या वाक्यांवर गाणारे एकदम श्वास घेतात, म्हणून त्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी चढते आणि उतरते. ‘आमचं काळीज एक झालं’ हे बोलणं निदान गाण्यापुरतं मोजता येतं.

श्वास एक होणं धोक्याचंही असतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० रोजी एका कॉयरचा सराव झाला. ६१ जण हजर होते; त्यांतल्या ५३ जणांना करोना झाला किंवा झाल्याचं मानलं गेलं, आणि दोघं दगावले. नंतरचे कित्येक महिने जगभरचे कॉयर मुके झाले. प्रत्येकानं आपापल्या खोलीत फोनवर गायचं आणि कुणी तरी ते जोडायचं, असे व्हिडिओ निघाले. ते सुंदर होते, पण त्यांत शेजाऱ्याकडे झुकणारा गांधार नव्हता, कारण शेजारी नव्हता. दिल्लीला श्वासाची ही किंमत वेगळ्या रीतीनंही कळते. इथला कॉयरचा हंगाम आणि धुरक्याचा हंगाम एकच. डिसेंबरात घसा खरवडलेला असतो, खोकला थांबत नाही, आणि त्याच हवेचे चाळीस फुफ्फुसांनी स्वर करायचे असतात.

तिसरं कारण वेदनेचं. चांगला बहुस्वर नुसता गोड नसतो. एक आवाज आपल्या जागी थांबतो, बाकीचे पुढे सरकतात, आणि क्षणभर तो थांबलेला स्वर शेजाऱ्याला टोचतो. सा आणि रे एकदम वाजल्यासारखं. मग तो एक पायरी खाली येतो आणि सगळं जुळतं. सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रीनाचं संगीत याच टोचण्यावर आणि सुटण्यावर चालतं. डोळ्यांत पाणी येतं ते बहुधा सुटण्याच्या त्या पायरीवर. आपल्याकडे ठुमरीत विवादी स्वराचा ओझरता स्पर्श असाच काळीज हलवतो. इथे तो स्पर्श दोन माणसांमध्ये घडतो. एकानं थांबायचं ठरवलं आणि दुसरा पुढे गेला, म्हणून.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. त्याच तबकडीवर जॉर्जिया देशातलं ‘चाक्रुलो’ आहे: वाद्याविना, पुरुषांचं, बहुस्वरी. माणसाचा गळा काय करू शकतो याचे हे दोन टोकांचे दाखले एकाच तबकडीवर आंतरतारकीय अवकाशात निघून गेले आहेत. एका टोकाला एकटी बाई, एका षड्जावर, अख्खं जग उभं करणारी. दुसऱ्या टोकाला रांगेत उभी माणसं, ज्यांच्यातल्या एकाला वगळलं तर गाणं पडेल. ही दोन टोकं जमिनीवर, या शहरात, एका खोलीत यावीत, ही मागणी फार मोठी नाही.

म्हणून आता तानपुरा. चार जण व्यासपीठावर येत आहेत: दोन जण गांधर्व परंपरेत शिकलेले, दोघी मिझो प्रार्थनासभेत वाढलेल्या. पट्टी काळी दोन. प्रथम फक्त तानपुरा वाजेल आणि सभागृहानं खर्जाच्या तारेवर कान ठेवून वरचा गांधार शोधायचा आहे. तो सापडायला वेळ लागतो, घाई नको. तो ऐकू आला की हात वर करावा. पुरेसे हात वर झाले की तानपुऱ्याच्या तारा तळव्यानं बंद केल्या जातील, आणि तो गांधार कुठेही न हरवता चौघं तिथूनच आकारात सुरुवात करतील.